ग्रुप चालवायला घेताय? आधी बैठक कशी मांडली आहे ते बघा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी एक साधा प्रश्न आला: ‘आज टँकर किती वाजता?’ लगेच त्याखाली सूर्यफुलांवर लिहिलेलं शुभ सकाळ पडलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या वर्षीच्या टँकरच्या बिलाचा विषय उकरला. कोणीतरी पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या स्कूटरचा फोटो टाकला. एका ताईंनी ‘हो ना, हे आता अती होतंय’ असं लिहिलं. त्यांना स्कूटर म्हणायची होती. काकांना वाटलं, आपल्याबद्दलच आहे. साडेआठपर्यंत मेसेजची संख्या नव्वदीपार गेली, दोघांनी ग्रुप सोडला. टँकर साडेनऊला आला. ती वेळही वॉचमनला फोन केल्यावर कळली.

हेच काका आणि याच ताई गणपतीच्या मीटिंगला गच्चीवर सतरंजीवर शेजारी बसतात, वर्गणीवरून वाद घालतात आणि चहा पिऊन खाली उतरतात. माणसं तीच, फक्त जागा बदलली. तेव्हा नव्याने अ‍ॅडमिन झालेल्यांना माझा पहिला सल्ला असा: ‘लोकांना कसं बोलावं तेच कळत नाही’ असं म्हणण्याआधी त्यांना बोलायला जागा कशी दिली आहे आणि तिथे किती जण कोंबले आहेत, ते बघा. लोकांचा स्वभाव तुमच्या हातात नाही, पण बैठकीची मांडणी आहे. सात-आठ वर्षांत तीन ग्रुप चालवून, त्यातला एक बुडवून, जे हाती लागलं ते खाली पायरीपायरीने लिहितो.

पायरी १ : ग्रुप कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

सूचना देणं, निर्णय घेणं, चर्चा करणं आणि गप्पा मारणं ही चार वेगळी कामं आहेत. ‘उद्या १० ते १२ पाणी बंद’ ही सूचना आहे. तिला उत्तर नको असतं. तरी तिच्याखाली चाळीस जण अंगठे आणि हात जोडलेले टाकतात आणि सूचना वर निघून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतील अशी सोय २०१८ पासून आहे. सूचनांसाठी असा एक वेगळा, मुका ग्रुप काढा. एवढ्या एकाच गोष्टीने आमच्याकडचं अर्धं भांडण संपलं.

एका वाक्यात उद्देश लिहिता आला नाही, तर ग्रुप काढू नका.

पायरी २ : किती माणसं, याचा हिशेब मांडा

बारा माणसांच्या ग्रुपमध्ये दोघादोघांच्या ६६ जोड्या होतात. चाळीस झाले की ७८०. आमच्या ग्रुपमध्ये २१२ जण होते, म्हणजे २२,३६६ जोड्या. यातल्या कुठल्याही जोडीत गैरसमज होऊ शकतो, आणि तो बाकीच्या २१० जणांसमोर होतो. माणसं पाचपट झाली की भांडणाच्या शक्यता साधारण पंचवीसपट होतात, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा हिशेब वेळेचा. दोनशे जणांनी दिवसाला प्रत्येकी एकच मेसेज टाकला, अगदी शहाण्यासारखा, आणि एक वाचायला दहा सेकंद लागली, तर प्रत्येकाची तेहतीस मिनिटं रोज जातात. एवढा वेळ कोणाकडेच नसतो. म्हणून लोक वरचं न वाचता खाली उत्तर देतात, तोच प्रश्न पुन्हा विचारतात. त्यात उद्धटपणा काही नाही, साधं गणित आहे.

व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ केली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि त्याच वर्षी १,०२४. टेलिग्रामवर तर दोन लाख सदस्यांचा ग्रुप काढता येतो. मर्यादा वाढवून मिळाली म्हणजे तेवढी माणसं भरलीच पाहिजेत असं नाही. एसटीत उभं राहायला जागा आहे म्हणून आपण गप्पा मारायला तिकडे जात नाही.

इथे कोणीतरी हमखास १५० हा डनबारचा आकडा फेकतो. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडलेला तो आकडा माणूस किती जणांशी ओळख टिकवू शकतो याचा आहे, एका वेळी किती जणांशी बोलू शकतो याचा नाही. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल करून बसलेल्यांकडे बघा. चौघं असतील तर एक गप्पा चालतात. सात झाले की आपोआप दोन कोंडाळी होतात. समोरासमोर ही फाळणी खुर्ची सरकवून होते. फोनवर खुर्ची सरकवता येत नाही, म्हणून दोन्ही कोंडाळी एकाच रांगेत बोलत राहतात.

माझा अंदाज विचाराल तर, खरोखर विचारविनिमय व्हायला हवा असेल तर पंधरा ते तीस. पुस्तकांबद्दल बोलणारा आमचा ग्रुप सव्वीस जणांवर थांबवला आहे. दारात नऊ जण उभे आहेत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आणखी एक आकडा माहीत असू द्या. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेवर लिहिणाऱ्या याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ढोबळ प्रमाण सांगितलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण बहुतेक सगळं लिहितो. आपल्याकडे मराठी संकेतस्थळांवर या नव्वदांना ‘वाचनमात्र’ असा सुंदर शब्द आहे. दोनशेच्या ग्रुपमध्ये मोजून दोघं-चौघं बोलत असतात आणि ते ‘सगळ्यांचं म्हणणं’ वाटतं. टँकरच्या वर्गणीला अख्ख्या सोसायटीचा विरोध आहे असं आम्ही दोन आठवडे धरून चाललो होतो. शेवटी ग्रुपवरच मतदान टाकलं, तर विरोधातली मतं वीससुद्धा भरली नाहीत. निर्णयाचा विषय असेल तर आवाज मोजू नका, मतं मोजा.

पायरी ३ : एकच रांग की वेगळे धागे, हे ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवे अ‍ॅडमिन नेमकी हीच चुकवतात. व्हॉट्सअ‍ॅप हातात आहे, म्हणून ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर. पण तिथली मांडणी एका ओळीची आहे: जो शेवटी बोलला तो खाली, म्हणजेच समोर. विषयाचं महत्त्व, उत्तराचा दर्जा, कशालाच जागा नाही. शांतपणे विचार करून संध्याकाळी उत्तर देणाऱ्याचा प्रश्न तोवर तीनशे मेसेज वर गेलेला असतो. रांगेत घाईचं आणि तोडकं बोलणं पुढे जातं, सावकाश बोलणारा मागे पडतो.

याउलट मायबोली हे मराठी संकेतस्थळ पाहा. १९९६ पासून ती चालू आहे आणि महाराष्ट्राबाहेरच्या, देशाबाहेरच्या मराठी माणसांनी तिथे वर्षानुवर्षं लिहिलं आहे. विषयाला धागा, धाग्याला मथळा, खाली प्रतिसाद. आठ दिवसांनी कोणी लिहिलं तरी धागा पुन्हा वर येतो आणि आधीचं सगळं त्याच्याखाली जागेवर असतं. आणि जुने मायबोलीकर जाणतात ती गंमतीची गोष्ट म्हणजे ‘वाहतं पान’. गप्पांसाठी वेगळी पानं, जिथे जुनं लिखाण वाहून जातं. टिकवायचं ते धाग्यात, वाहू द्यायचं ते वाहत्या पानावर. बडबडीला हाकललं नाही, तिला अंगण दिलं. सूर्यफुलंवाल्यांसाठी आमच्याकडे आता ‘कट्टा’ नावाचा वेगळा ग्रुप आहे, तो यावरूनच सुचला.

धाग्यांमध्येही दोन पद्धती. एक सपाट: प्रतिसाद एकाखाली एक, आलेल्या क्रमाने. दुसरी फांद्यांची: ज्याला उत्तर द्यायचं त्याच्याच खाली, थोडं आत सरकून. फांद्या असल्या की दहा जण दहा मुद्द्यांवर एकाच वेळी बोलू शकतात, माझी ‘हो ना’ नक्की कोणाला हे दिसतं. तोटा असा की दोघंच हट्टाला पेटले की त्यांची फांदी उजवीकडे सरकत सरकत पडद्याच्या काठाला जाते आणि फोनवर एकेका शब्दाची उभी पट्टी उरते. मराठी विकिपीडियावर सामूहिक चर्चेच्या पानाचं नावच ‘चावडी’ आहे. तिथली जुनी रीत म्हणजे ओळीच्या सुरुवातीला एकेक अपूर्णविराम वाढवत आत सरकायचं आणि शेवटी चार नागमोडी चिन्हं टाकून सही करायची. कटकटीचं आहे, पण सही करायला हात उचलतानाच निम्म्या लोकांना आपण काय लिहिलंय ते पुन्हा वाचावंसं वाटतं, असा माझा अनुभव.

मग करायचं काय?

पंधरा-वीस जण असतील तर व्हॉट्सअ‍ॅप चालेल, मात्र ‘रिप्लाय’ करूनच उत्तर द्यायचं ही एकच शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. मेसेज उजवीकडे सरकवला की रिप्लाय होतो, हे अनेक ज्येष्ठांना माहीत नसतं. त्यांना शेजारी बसून दाखवा, ग्रुपवर सुनावू नका. टँकरच्या दिवशी त्या ताईंनी स्कूटरच्या फोटोवर बोट ठेवून सरकवलं असतं तर पुढचे साठ मेसेज झाले नसते.

पन्नासच्या वर माणसं आणि एकाहून जास्त विषय असतील तर विषयवार ग्रुप करून ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘कम्युनिटी’त एकत्र बांधा, किंवा टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये ‘टॉपिक्स’, म्हणजे विषयवार कप्पे, सुरू करा. वर्षानुवर्षं शोधता यावी अशी माहिती साठणार असेल, म्हणजे औषधी वनस्पती, गिर्यारोहणाच्या वाटा, गावाचा इतिहास, तर सरळ धाग्यांचं संकेतस्थळ उभारा. त्यासाठी ‘डिस्कोर्स’सारखं मुक्त सॉफ्टवेअर मिळतं.

एक छोटी, पण उपयोगी गोष्ट: लिहायची चौकट किती मोठी दिसते याचा परिणाम होतो. एका ओळीच्या फटीत माणूस एका ओळीचं लिहितो. ऐसपैस चौकोन आणि ‘आधी तपासून पाहा’चं बटण दिलं की परिच्छेद येतात. एके काळी देवनागरी टंकायलाच कष्ट पडायचे, तेव्हा जो लिहायचा तो लिहिण्यासारखं काही असेल तरच लिहायचा. (आता तोंडाने बोलून टंकता येतं. फोनला ‘पाण्याचा’ हा शब्द ‘पाण्याच्या’ ऐकू येतो आणि नवं भांडण सुरू होतं.)

पायरी ४ : दाराला उंबरठा ठेवा

१९९३ पर्यंत यूजनेट या जगभरच्या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात गोंधळ व्हायचा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, त्यांना पहिल्यांदा इंटरनेट मिळायचं, ते काहीही लिहायचे. जुने सदस्य महिनाभर रीतभात शिकवायचे आणि गाडी रुळावर यायची. मग व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटची दारं उघडून दिली आणि नव्यांचा लोंढा थांबेचना. जुन्यांनी त्याला नाव दिलं ‘न संपणारा सप्टेंबर’. नवे लोक वाईट नव्हते. शिकवणाऱ्यांपेक्षा शिकणारे जास्त झाले, एवढंच.

म्हणून महिन्याला किती नवे घ्यायचे ते ठरवा. माझा नियम: आहेत त्यांच्या दहात एक. तिसांच्या ग्रुपमध्ये महिन्याला तीन. सगळीकडे फिरणारी निमंत्रणाची लिंक बंद करा आणि अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच प्रवेश, ही सोय चालू करा.

उंबरठा किती उंच असावा? मेटाफिल्टर या १९९९ पासूनच्या अमेरिकी संकेतस्थळाने २००४ पासून नव्या सदस्यांकडून एकदाच पाच डॉलर घ्यायला सुरुवात केली, आणि तिथे नवा धागा काढण्याआधी आठवडाभर थांबावं लागतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर बरीच वर्षं पसंतीचं मत द्यायला १५ गुण लागायचे, दुसऱ्याच्या लेखनाखाली शेरा मारायला ५०, नापसंती दाखवायला १२५. आधी काही द्या, मग दुसऱ्याला नावं ठेवा, असा साधा व्यवहार. तुम्हाला पैसे घ्यायची गरज नाही. आमच्या पुस्तकांच्या ग्रुपवर प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारतो: सध्या काय वाचताय आणि कुठे अडकलात? याचं उत्तर द्यायचा कंटाळा असलेला माणूस पुढेही ‘छान’, ‘अप्रतिम’ एवढंच लिहितो.

पायरी ५ : अंगठे आणि श्रेणी जपून

पसंतीच्या मतांनी प्रतिसाद वरखाली केले की जो आधी आला त्याला मतं, मतं म्हणून तो वर, वर म्हणून आणखी मतं. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २००९ मध्ये क्रमवारीची नवी पद्धत आणली ती यासाठीच: एकूण मतं किती यापेक्षा मिळालेल्या मतांत पसंतीचं प्रमाण किती, हे बघायचं. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा करणाऱ्या संकेतस्थळावर २०११ पासून दुसऱ्यांच्या प्रतिसादांना किती गुण आहेत ते दिसतच नाही. आकडा दिसला की लोक आकड्याकडे बघून मत देतात.

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक जुन्या संकेतस्थळाची युक्ती मला सगळ्यात आवडते. नुसतं चांगलं-वाईट नाही, कारणही निवडायचं. प्रतिसादाला उणे एक ते पाच गुण, आणि गुण देण्याचा हक्क नियमित सदस्यांपैकी कोणालाही थोडे दिवस मिळायचा: पाच गुण, तीन दिवसांत वापरा नाहीतर गेले, आणि ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोललात तिथे वापरायचे नाहीत. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळाने याच जातीची श्रेणी आणली: मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, विनोदी, निरर्थक, भडकाऊ. ‘मार्मिक’ आणि ‘माहितीपूर्ण’ यांत फरक करायला लागलं की वाचणारा दोन क्षण थांबतो. व्हॉट्सअ‍ॅपवर हे जमणार नाही. तिथे एवढंच करा: सहमती असेल तर त्याच मेसेजवर अंगठा, वेगळा मेसेज नको.

पायरी ६ : वेग कमी करा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. अशा अफवा फोनवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, खूपदा पुढे पाठवला गेलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. कोणाचं मतपरिवर्तन झालं नव्हतं, फक्त दोन टिचक्या वाढल्या होत्या.

तुमच्याही हाती काही टिचक्या आहेत. टेलिग्रामवर ‘स्लो मोड’ लावला की एका सदस्याला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ, अगदी तासाभरापर्यंत, थांबावं लागतं. हॅकर न्यूजवर फांदी खोल गेली की उत्तर द्यायचा दुवा काही वेळ दिसतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण पेटलं तर तासभर ‘फक्त अ‍ॅडमिन’ करा आणि वर लिहा: ‘नऊ वाजता पुन्हा उघडतो.’ नऊला उघडल्यावर बहुतेक वेळा कोणीच काही लिहीत नाही. आमच्या काकांनी एकदा पावणेनऊला मला वेगळा मेसेज केला: ‘राहू दे, जेवलो.’

पायरी ७ : अ‍ॅडमिन एकटा नको

तिघं ठेवा, आणि त्यातला एक तरी तुमच्याशी नेहमी सहमत नसणारा. मेसेज काढला तर का काढला ते लिहा, एका ओळीत, नाव न घेता. काढून गप्प बसलात की पुढची चर्चा त्या काढलेल्या मेसेजवर होते. माझा बुडालेला ग्रुप यातच बुडाला: ट्रेकिंगचा होता, सव्वाशे जण, मी एकटा अ‍ॅडमिन, आणि रात्री अकराला चिडून चार मेसेज न सांगता उडवले. सकाळी वेगळा ग्रुप निघालेला होता.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, त्यामागे दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असावा लागतो. तरी असा मजकूर दिसला की काढा.

पायरी ८ : ग्रुपचं वर्णन लिहून मगच माणसं जोडा

नियमांची दोन पानं कोणी वाचत नाही. आमच्या सोसायटीच्या चर्चेच्या ग्रुपवर आता हे आहे, हवं तर उचला आणि नावं-वेळा बदला:

‘हा ग्रुप पाणी, पार्किंग आणि दुरुस्ती यांवर बोलण्यासाठी. टँकरची वेळ सूचनांच्या ग्रुपवर रोज सकाळी ७ ला पडते, इथे विचारू नये. उत्तर देताना मूळ मेसेज सरकवून रिप्लाय करा. सहमती असेल तर अंगठा. विषय बदलायचा असेल तर आधी “अवांतर” लिहा. पैशांचा निर्णय मतदानाने, मतदान ४८ तास उघडं. रात्री १० ते सकाळी ७ ग्रुप बंद. भाडेकरूंनाही मत आहे. शुभ सकाळ, वाढदिवस आणि फुलं कट्ट्यावर.’